सत्तू आहे का?

आमच्या दुकानात तिसऱ्या फळीवर, कपड्यांच्या साबणाच्या वर आणि उदबत्तीच्या खाली, सत्तूची बारा पाकिटं आहेत. अर्ध्या अर्ध्या किलोची. आली तेव्हा चाळीस होती. ती का आली हे मी खाली सांगणार आहे. ती कशी जातील हे कोणाला ठाऊक असेल तर त्याने दुकानात येऊन सांगावं, चहा आमच्याकडून.

दुकान न्हावा शेव्याला आहे असं मी पाहुण्यांना सांगतो, कारण तेवढंच त्यांना कळतं. तसं बघितलं तर न्हावा पनवेल तालुक्यात, शेवा उरण तालुक्यात, आणि बंदराला 1989 पासून नाव जवाहरलाल नेहरूंचं. पण जगभरच्या बोटींच्या कागदांवर अजून न्हावा शेवाच लिहितात. आमचं दुकान करळ फाट्याहून जासईकडे जाताना लागतं. समोरून दिवसरात्र ट्रेलर जातात. वडिलांनी दुकान टाकलं तेव्हा बंदर नव्हतं, समोर मिठागरं होती आणि माल नऊ प्रकारचा होता: तेल, गूळ, साखर, चहापूड, मिरची, कांदे, विड्या, काड्यापेट्या आणि घासलेट. तांदूळ ठेवत नसत, कारण तो ज्याच्या त्याच्या खारात पिकायचा. आता साडेसहाशे प्रकार आहेत आणि वडिलांच्या मते गल्ला तेवढाच आहे.

हे साडेसहाशे प्रकार माझ्या मेव्हण्याला कमी वाटतात. तो क्लिअरिंग एजंटाच्या ऑफिसात कामाला आहे. रोज हजारो कंटेनर बघितल्यामुळे त्याला पेटीच्या खालचा आकडा दिसत नाही. 12 जानेवारी 2024 ला अटल सेतू सुरू झाला, त्याच दिवशी उरणपर्यंतची लोकलही सुरू झाली, आणि संध्याकाळी हा पेढे घेऊन दुकानात. म्हणाला, "दाजी, माल वाढवा. आता अख्खी मुंबई आपलं गिऱ्हाईक."

मुंबई आली, हे खोटं नाही. पहिल्या काही दिवसांत लोक पुलावरच गाड्या थांबवून फोटो काढायला लागले, इतके की पोलिसांना दंड करावा लागला. त्यातल्या काही गाड्या खाली उतरून आमच्या रस्त्यालाही लागल्या. मेव्हण्याने एका रविवारी खुर्ची टाकून तासाभरात 214 गाड्या मोजल्या आणि आकडा पुठ्ठ्यावर लिहून वडिलांना दाखवला. वडिलांनी चष्मा पुसला आणि विचारलं, "थांबल्या किती?"

थांबल्या दोन. एकाने पाण्याची बाटली घेतली. दुसऱ्याने टॉयलेट कुठे आहे ते विचारलं आणि ते नाही म्हटल्यावर आमच्याकडे असं पाहिलं, की जणू पूल आम्हीच बांधला आणि हेच तेवढं विसरलो.

मेव्हण्याला मी दोष देत नाही. पुलावरून रोज सत्तर हजार गाड्या जातील असं सरकारचंही म्हणणं होतं. पहिल्या वर्षाची सरासरी निघाली दिवसाला सुमारे तेवीस हजार. एकवीस पूर्णांक आठ किलोमीटरचा पूल बांधणाऱ्यांचा अंदाज तिपटीने चुकतो, तर खुर्ची टाकून बसलेल्याचा का चुकू नये? शिवाय एका फेरीचा टोल 250 रुपये, जाऊन-येऊन 375. शिवडीचा माणूस एवढे पैसे भरून आमच्याकडे चाळीस रुपयांची चहापूड घ्यायला येईल, ही कल्पनाच चहापुडीपेक्षा कडक होती.

मग नवी मुंबईचा विमानतळ आला. ऑक्टोबर 2025 मध्ये त्याचं उद्घाटन झालं आणि मेव्हण्याला दुसरा झटका आला. या वेळी तो शास्त्र घेऊन आला. शास्त्र म्हणजे एक शंभर पानी वही. तिच्यावर त्याने स्वतः लिहिलं: 'मागणी वही'. नियम असा, की गिऱ्हाईकाने जी वस्तू मागितली आणि आपल्याकडे नाही, ती लिहायची आणि पुढे दांडी मारायची. महिनाअखेर दांड्या मोजायच्या आणि ज्याच्या जास्त, तो माल आणायचा. हे काम नववीतल्या माझ्या मुलीकडे दिलं. तिने ते अशा प्रामाणिकपणे केलं, की आमच्या खानदानात व्यापार का टिकला नाही हे मला त्या महिन्यात समजलं.

महिनाअखेरचा निकाल: सुट्टे पैसे 112. 'हा पत्ता कुठे आला' 61. झेरॉक्स 38. टॉयलेट 29. सत्तू 17. राईचं तेल 9. ओट्सचं दूध 6. वडिलांनी वही मागून घेतली, पहिली ओळ बोटाने वाचली आणि म्हणाले, "मंग सुट्टं पैसंच ठेव दुकानात. लय खप हाय."

मेव्हणा म्हणाला, बाबा, सेवा वेगळी आणि वस्तू वेगळी. वस्तूंमध्ये पहिला नंबर सत्तूचा. सतरा गिऱ्हाईकं, तीही आपण न विचारता सांगून गेलेली. समोरून जाणारे ट्रेलरवाले निम्मे बिहार-उत्तर प्रदेशचे. मुद्दा बिनतोड होता. मी वाशी मार्केटला फोन लावला. तिथला व्यापारी म्हणाला, सुटं नाही, पेटीच घ्यावी लागेल. पेटीत चाळीस.

पेटी आली. मी दर्शनी भागात पाकिटांचा मनोरा रचला आणि हिंदीत पाटी लावली. आठवडा गेला. एकही पाकीट हललं नाही. मुलीला विचारलं, अगं, ते सतरा जण कोण होते? ती म्हणाली, "सतरा जण कुठे, बाबा? तो एकच काका होता." त्याच्या कंटेनरच्या कागदात काही घोळ होता, त्यामुळे ट्रेलर सहा दिवस पार्किंगला अडकला होता. तो सकाळी दाढीला जाताना विचारायचा, दुपारी जेवून येताना विचारायचा, आणि रात्री करमत नाही म्हणून विचारायचा. सतरा दांड्या, माणूस एक.

तो माणूस महिन्याभराने परत आला. मी काउंटरच्या बाहेर धावत गेलो. आयुष्यात कोणत्याही गिऱ्हाईकासाठी मी एवढा धावलो नव्हतो. "सत्तू आ गया, भैया!" त्याने पाकीट हातात घेतलं, उलटं केलं, वाचलं, कानाशी धरून हलवलं आणि अत्यंत हळुवारपणे म्हणाला, "ये नहीं. हम तो घर वाला पूछ रहे थे." त्याला सत्तू नको होता, आईच्या हातचा सत्तू हवा होता. आता ती वस्तू वाशी मार्केटला कोणत्या गाळ्यावर मिळते? माझा चेहरा बघून त्याने एक पाकीट विकत घेतलं. ते विक्रीत धरायचं की देणगीत, यावर घरात अजून मतभेद आहेत.

तेव्हापासून मी विचारणाऱ्या माणसाकडे जरा निरखून पाहू लागलो. माझं निरीक्षण असं, की निम्मे लोक वस्तू हवी म्हणून विचारतच नाहीत. दुकानात शिरलेला मराठी माणूस काही न घेता बाहेर पडायला लाजतो. फुकट सावलीला उभा राहिलेला असतो, बसची वाट बघत असतो. मग तो फळ्यांवरून नजर फिरवतो आणि हमखास नसेल अशी वस्तू शोधून काढतो. "बिनपॉलिशचे तीळ आहेत का हो?" आपण नाही म्हटलं, की त्याच्या तोंडावर जी सुटका पसरते ती दहावीच्या निकालालाही दिसत नाही. मी एकदा चुकून म्हणालो, "आहेत ना." त्या माणसाचा चेहरा असा पडला, जणू सिग्नल तोडताना हवालदाराने पकडलं. पन्नास ग्रॅम घेऊन गेला बिचारा. नंतर तो आमच्या सावलीला कधी उभा राहिला नाही.

दुसरा प्रकार अधिक धोक्याचा. "आणून ठेवा हो, आम्ही घेऊ की!" किराणा धंद्यात याहून महाग वाक्य नाही. ते खोटं नसतं, हीच पंचाईत. बोलणाऱ्याला त्या क्षणी मनापासून वाटतं, की आपण घेऊ. "या एकदा जेवायला" हेही लोक मनापासूनच म्हणतात. पण ते ऐकून दुसऱ्या दिवशी कोणी ताट घेऊन दारात जात नाही. मग "आणून ठेवा" ऐकून आम्ही दुकानदार टेम्पो घेऊन वाशीला का जातो, हे मला आजवर उमगलेलं नाही.

तिसरा म्हणजे कंपनीचा सेल्समन. त्याचा पुरावा नेहमी पुढच्या दुकानातला असतो. "शेठ, फाट्यावरच्या दुकानात तीन पेट्या गेल्या." गेल्या खऱ्या. दुकानात गेल्या. दुकानातून गेल्या का, हे विचारायचं आपल्याला सुचत नाही, आणि सांगायचं त्याला सुचत नाही. मी एकदा त्या फाट्यावरच्या दुकानात जाऊन बघून आलो. फळी गच्च भरलेली. मी म्हटलं, अरे वा, केवढा माल ठेवलाय, म्हणजे चालत असणार, आणि आम्हीही एक पेटी घेतली. फळी भरलेली दिसते ती माल विकला न गेल्यामुळे, हे मला घरी येताना रिक्षात सुचलं. पुढे कळलं, त्या दुकानदाराने दुसरी ऑर्डर दिली होती ती आमची फळी बघून.

ओट्सच्या दुधाचा निकाल वडिलांनी लावला. मेव्हण्याचं म्हणणं, उलव्याच्या बाजूला नवा टॉवर झालाय, 280 फ्लॅट, सगळे विकले गेलेत, तिथल्या लोकांना ओट्सचं दूध, ॲव्होकॅडो, असलंच लागतं. आपण घरपोच सुरू करू. वडील अठ्ठ्याहत्तर वर्षांचे. काही बोलले नाहीत. रात्री आठ वाजता माझ्या पुतण्याच्या स्कूटरवर मागे बसून गेले आणि टॉवरसमोर उभं राहून दिवे मोजून आले. "तीस नि वर येक. बाकी सगला कालोख." मेव्हणा म्हणाला, लोक कामावरून उशिरा येतात. वडील दुसऱ्या दिवशी सकाळी परत गेले आणि गॅलरीत वाळत घातलेले कपडे मोजले. सत्तावीस. तिसऱ्या दिवशी पहाटे त्यांनी दुधवाल्याला गाठलं. चोवीस घरं. मग म्हणाले, दिवा वॉचमनही लावतो, कपडे पाहुण्याचेही असतात, पण रोजची पिशवी कोणी उगाच घेत नाही. फ्लॅट विकले गेले होते हे खरंच होतं. घेणाऱ्यांनी ते राहायला घेतले नव्हते, पुढे कोणीतरी घेईल म्हणून घेतले होते. म्हणजे तोही एक सत्तूच. फक्त पाकीट साठ लाखांचं.

पैसे देऊन बाजाराचा अभ्यास करून घेणाऱ्या मोठ्यांचंही असं होतं, हे आमच्या शेजारीच घडलेलं आहे. तळोज्याला केलॉग्जचा कारखाना आहे. 1994 मध्ये त्यांनी कॉर्नफ्लेक्स बाजारात आणले. सुरुवातीचा खप बघून कोणालाही वाटावं, भारताने पोहे-उपमा सोडला. पण लोकांनी डबा नवलाईने घेतला होता. घरी नेऊन आपल्या पद्धतीने त्यावर गरम दूध ओतलं आणि कुरकुरीत म्हणून आणलेल्या वस्तूचा लगदा झाला. दुसरा डबा घ्यायला फारसं कोणी आलं नाही. कंपनी मोठी, तिने चव बदलली, दम धरला, टिकली. आमच्यासारख्याला एवढा दम धरायचा तर आधी फळी रिकामी लागते. वडील हेच दोन वाक्यांत सांगतात: पहिली पुडी हौस नेते, दुसरी पुडी भूक नेते. मांडायची ती दुसरी.

अमेरिकेत कोका-कोलाने 1985 साली याहून मोठी मागणी वही भरली होती. जवळजवळ दोन लाख लोकांना नवी चव चाखायला दिली आणि विचारलं, कशी आहे? लोक म्हणाले, छान. कंपनीने जुनं बंद करून नवं आणलं आणि 79 दिवसांत जुनं परत आणावं लागलं. नव्याच्या बदल्यात जुनं जाणार आहे, चालेल का, हे विचारायचं राहून गेलं होतं. दोन लाख दांड्या! माझ्या सतरांचं दुःख त्या दिवशी थोडं हलकं झालं.

आणि त्याहून मोठं सांत्वन दुकानाच्या समोरच उभं असतं. बंदरात आलेल्या मालाला सीमाशुल्क कायद्याने तीस दिवस दिलेले आहेत. तेवढ्यात मालकाने तो सोडवला नाही, तर नोटीस देऊन विकता येतो. आता कोणी आपलाच माल का सोडवत नाही? कधी कागद अडतात, कधी भांडणं होतात. पण पुष्कळदा असं होतं, की माल बोटीवर असताना इथला भाव पडतो, जागेचं भाडं आणि दंड चढत जातो, आणि मग मालकाला कळतं, की सोडवण्यापेक्षा सोडून देणं स्वस्त. मेव्हणा ऑफिसातून येऊन अशा पेट्यांच्या गोष्टी सांगतो, तेव्हा वडिलांना झोप चांगली लागते. कुठेतरी कोणीतरी कोणालातरी म्हणालेलं असतं: आणून ठेवा, आम्ही घेऊ की. फक्त आमची चाळीस पाकिटं होती आणि त्यांचं चाळीस फूट.

खऱ्या मागणीची ओळख आमच्या भागाला नाही असं कोणी म्हणू नये. जानेवारी 1984 मध्ये जमिनीच्या मागणीसाठी आमचे नेते दि. बा. पाटील यांच्या मागे माणसं जासई आणि दास्तान फाट्याला उभी राहिली, पाच जण गोळीबारात गेले आणि त्यानंतर घेतलेल्या जमिनीच्या साडेबारा टक्के विकसित जमीन परत देण्याचं तत्त्व आलं. ते इथे विनोदात आणत नाही. मागणीचं वजन कशाने होतं याविषयी वडील एवढे ठाम का, हे कळावं म्हणून सांगितलं, इतकंच.

तर वडिलांनी शेवटी वही हातात घेतली. त्यांनी पेणचं उदाहरण दिलं. पेण, हमरापूर, जोहे या बाजूला गणपतीच्या कारखान्यांत बघायला येणारे शेकड्यांनी असतात. सोंड बघतात, डोळे बघतात, हातातला मोबाइल खाली न ठेवता "फारच सुंदर" म्हणतात. मूर्तिकार त्यांना मोजत नाही. जुनी रीत अशी, की ज्याला मूर्ती हवी तो घरचा पाट आणून कारखान्यात ठेवून जातो. पाटामागे खडूने नाव. मूर्तिकार माणसं मोजत नाही, पाट मोजतो. पाट ठेवून गेलेला माणूस येतोच. न येऊन सांगतो कोणाला, घरी बसायला पाट नाही.

वडिलांनी नवा नियम केला: जो विचारेल त्याला म्हणायचं, वीस रुपये ठेव, आणतो. वस्तू आवडली नाही तर पैसे परत. मेव्हणा म्हणाला, दाजी, अशाने गिऱ्हाईक तुटेल. महिन्याभरात एकेचाळीस जणांनी काही ना काही विचारलं. वीस रुपयांचं नाव काढताच अडतीस जणांना आठवलं, की गडबड नाही, सहज विचारलं होतं. तीन जणांनी ठेवले. एका शिक्षिकेने चित्रकलेच्या जाड कागदासाठी. एका ट्रेलरवाल्याने ताडपत्री बांधायच्या दोरीसाठी. आणि एका कोळणीने जाळं सांधायच्या नायलॉनच्या दोऱ्यासाठी. तिने वीस नाही, शंभराची नोट काउंटरवर आपटली. "वीस क मांगतस? शंबर घे, पन लवकर हान."

हा दोरा मागणी वहीत नव्हता. एकही दांडी नव्हती. मी तिला विचारलं, मावशे, आधी कधी विचारलं का नाहीस? ती म्हणाली, तुझ्याकडे नाही हे ठाऊक होतं, म्हणून दर वेळी उरणला जाऊन आणत होते. विचारायचं कशाला? त्या रात्री मला वहीचा खरा दोष समजला. ज्याला वस्तू लागतेच, तो विचारत बसत नाही, जिथे मिळते तिथून घेऊन येतो. वहीत नाव येतं ते ज्याचं काही अडलेलं नसतं त्याचं. दोऱ्याची आता चौथी ऑर्डर चालू आहे. कागद आणि दोरीही फिरून फिरून येतात. मेव्हणा म्हणतो, हे सगळं त्याच्याच वहीमुळे झालं, आणि आम्ही नाही म्हणत नाही, कारण तो बायकोचा भाऊ आहे.

राहिला सत्तूचा हिशोब. चाळीसपैकी एक त्या ट्रेलरवाल्याने घेतलं. आठ किरकोळ गेली. चौदा आम्ही घरी खाल्ली: लाडू, थालीपीठ, सरबत, आणि एकदा पिठलं, ज्याबद्दल घरात बोलायचं नाही असं ठरलं आहे. सहा हिने संक्रांतीच्या हळदीकुंकवाला वाण म्हणून वाटली. त्यातलं एक दुसऱ्या दिवशी दुकानात बदलून मागायला आलं आणि त्याबदल्यात बेसन गेलं. म्हणून बारा. एक्सपायरीला दोन महिने आहेत.

करळ फाट्याहून जासईकडे येताना समोर टायरवाला दिसला, की आलंच आमचं दुकान. सत्तू आहे का, असं कृपा करून विचारू नका, आहे. घ्यायचा असेल तर या. आणि नुसतंच विचारायला येणार असाल, तर येताना पाट घेऊन या.